दवंडी

एकतीस वर्षांनी डफ खाली काढला.
पंचायतीच्या कपाटावर होता,
मतदार याद्यांच्या गठ्ठ्यामागे,
एका कडेला उंदरांनी कुरतडलेला.
सरपंचबाई म्हणाल्या, माइक आहे की,
नाहीतर मोबाइलवर टाकू.
मी म्हणालो, तिथं वाजवून सांगितलं होतं.
त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
तापवून घ्या मग.

पऱ्हाटीच्या जाळावर तापवला
आणि निघालो लेतूपोडाला.
म्हणजे नव्या, बरडावरच्या.
जुनं तलावात आहे.

तेव्हा मी बावीसचा होतो, मिशी नवी,
पंचायतीचा पट्टा त्याहून नवा.
आठ दिवसांत जागा खाली करावी होऽऽ
मी मराठीत ओरडलो,
ते कोलामीत ऐकत होते.
पोरं माझ्यामागे नाचत आली
चावडीपासून शेवटच्या कुडापर्यंत,
त्यांना वाटलं, जत्रेचा सांगावा.
मीही हात आखडला नाही. खरं सांगतो,
नाचणारं पोर दिसलं की डफ आपोआप चढतो.

आठव्या दिवशी ट्रॅक्टर आला.
रजिस्टरात एक ओळ : अतिक्रमण हटविले.
पणज्यापासूनच्या कुडांनी अतिक्रमण केलं होतं,
पुढच्या साली येणाऱ्या पाण्यावर.

या खेपेला शब्द ग्रामसेवकानं लिहून दिलेले.
सभा पोडावर भरेल. पंचायत चूक कबूल करेल.
तीनदा वाचून पाठ केले.
वाजवलं, तर मागे एक कुत्रं आलं.
दारं होती तशी उघडी राहिली,
आतून लोक बघत राहिले.
मोह वेचून आलेल्या बाईनं टोपली उतरवली,
'तूच होता ना गा? मी येवढुशी होती.
तवा लय मस्त वाजोलं होतं तू.'

सभेला खुर्च्या आम्ही नेल्या.
बसले सगळे खालीच, मग आम्हीही.
सरपंचबाई 'दिलगिरी'वर अडखळल्या,
ती ओळ पुन्हा वाचली.
माजी सरपंच ढुमणे आले नाहीत,
नेमका त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता.
अनुमोदक कोण? ग्रामसेवकानं विचारलं.
पोडाचा नाईक झितरू टेकाम म्हणाला,
'माफी तुमची. हात आमी काऊन वर करावं?'
बराच वेळ चावडीत फक्त माशा.
शेवटी ढुमण्यांच्या सुनेनं हात वर केला,
अर्धाच,
पदर सावरताना करतात तेवढा.

नाइकानं जुनं रजिस्टर मागितलं.
मी ते पोत्यात घालून आणलंच होतं.
'थो शब्द कोनता? बोट ठेव.'
ठेवलं.
'खोड.'
ग्रामसेवक म्हणाला, शासकीय दप्तरात
खाडाखोड चालत नाही,
बाजूला लाल शाईनं शेरा मारता येतो.
'मार मंग. पन ठसठशीत मार,
माह्या नातवाले दिसला पायजे.'

जमीन परत नाही. ती पाण्याखाली,
आणि त्या पाण्यावर खालची चौदा शेतं.
हे कुणी बोललं नाही.
भीमायकाचा ओटा दर वैशाखात वर येतो
गाळानं माखून,
त्यावर ठेकेदाराची माणसं जाळी वाळवतात.
तेवढ्या जागेचा मासेमारीचा ठेका रद्द.
ओट्यापर्यंत वाट मोकळी.
पोडाचं नाव पोडाच्याच नावानं, नमुना आठला.
हातपंप एक, पुढच्या आराखड्यात.
'पुढच्या' म्हणताच मागं कुणीतरी हसलं.
ते इतिवृत्तात आलेलं नाही.

निघताना त्या मोहवाल्या बाईच्या पोरानं
डफ मागितला.
उलट्या मुठीनं बडवला, बेताल,
कुणालाच काही न सांगणारा.
मी काठी धरायला शिकवणार होतो,
नाही शिकवलं.

मार्चअखेर वस्तूंची मोजणी झाली.
यादीत मी लिहिलं :
डफ, नग एक.
उंदरांनी खाल्ला.